अस्वलवाली कंपनी

आमच्या थोरल्या काकांना घड्याळांतलं फार कळतं, असं त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आजोबांचं खिशात ठेवायचं जुनं स्विस घड्याळ कोणी बनवलं, हेही त्यांनी एका बैठकीत ठरवून टाकलं. तबकडीवर नाव नव्हतं. पण मागच्या झाकणाच्या आतून नखाच्या टोकाएवढं अस्वल ठोकलेलं होतं. लिलावाच्या एका जाहिरातीत त्यांना अस्वलाचं चिन्ह असलेली बडी कंपनी सापडली. झालं. घड्याळ त्यांच्या काचेच्या कपाटात कुलूपबंद झालं.

आत्याला ते हवं होतं. आजोबांची नजर गेल्यावर रोज सकाळी त्याला किल्ली तीच द्यायची आणि त्यांच्या कानाशी धरायची.

"दादा, मला दे ना ते."

"तुला काय कळतं त्यातलं? पिठाच्या डब्यावर ठेवशील."

"ठेवीन. तिथून दिसतं तरी."

शेवटी ती मला घेऊन गेली; जुनी घड्याळं उघडून बघायचा नाद मला होता. त्या संध्याकाळी काकांच्या मंडळातले संग्राहक घड्याळ बघायला येणार होते, त्यामुळे काका खुशीत होते. "या शास्त्रज्ञबाई, जरा शिका," म्हणत त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

अस्वल होतं. त्याच्या शेजारी ०.८७५ असा आकडाही होता.

"हे काय, काका?"

"मॉडेल नंबर."

"शून्य पॉइंटने सुरू होणारा?"

"स्विस लोक काटेकोर असतात."

"ही चांदीची शुद्धता आहे. अस्वल हा तिथला सरकारी शिक्का. घड्याळ कोणीही बनवलेलं असो, एवढ्या शुद्ध चांदीवर हेच अस्वल मारायचे."

"मग बनवलं कोणी ते सांग. उगाच पुस्तकी बडबड नको."

"तबकडी काढावी लागेल."

काकांनी घड्याळ स्वतःकडे ओढलं. आत्या म्हणाली, "घाबरतोस काय? अस्वल चावणार आहे का?"

मी काटे उपसले, कडेचे स्क्रू सैल केले आणि तबकडी उचलली. खालच्या पितळी पत्र्यावर त्रिकोणात एक तारा होता. फोनवर जुने ठसे शोधले. एक खूण योगायोगाने जुळू शकते, म्हणून मागच्या बाजूने चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा आकारही ताडून पाहिला. दोन्ही जुळलं.

"हा कारखाना आतली यंत्रं घाऊक बनवायचा. मागेल त्या दुकानदाराला विकायचा."

"घाऊक," काका म्हणाले. आमच्या वडिलांकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे, ते जसं नाक मुरडून बघतात, तसं त्यांनी त्या घड्याळाकडे बघितलं. वर्षभर ज्याची काच ते रेशमी रुमालाने पुसत होते, तेच हे घड्याळ. त्यात एक दातासुद्धा बदललेला नव्हता.

"ते काटे बसव आधी. लोक येतील आता." मी काटे बसवेपर्यंत ते माझ्या डोक्यावर उभे राहिले. मग घड्याळ त्यांनी स्वतःच आत्याच्या पर्समध्ये कोंबलं. "घेऊन जा. मला पहिल्यापासूनच शंका होती."

"हो ना," आत्या म्हणाली, "म्हणूनच तू कुलूप लावलं होतंस."

जिन्यात एक गृहस्थ धापा टाकत वर येत होते. "ते अस्वलाचं घड्याळ इथेच ना, वर?"

"अस्वल गेलं," पर्स पोटाशी धरत आत्या म्हणाली. "पण जा तुम्ही. तोवर दुसरा एखादा प्राणी सापडला असेल त्याला."