रिकामी जागा म्हणजे शून्य

सर्व्हरवर एकूण ४१८ अहवाल होते. त्यांतले २७३ वर्षभरात एकाही माणसाने उघडलेले नव्हते. ३८ अहवालांच्या नावात 'अंतिम' हा शब्द होता आणि त्यांतल्या अकरांमध्ये तो दोनदा होता. नऊ अहवाल रोज पहाटे डेल नावाच्या माणसाच्या ईमेलवर जात होते. डेल वारला त्याला तीन वर्षं झाली होती. सर्व्हर बिनतक्रार पाठवत होता, डेलची पेटी भरली की जुनी पत्रं आपोआप पुसली जात होती, आणि पुन्हा भरत होती.

हे सगळं मला नव्या सर्व्हरवर हलवायचं होतं. जीवशास्त्राची पदवी घेतल्यावर मी फेअरलेक कंपनीत लागले होते. उत्तर ओहायोत कंपनीचे चौदा वृद्धाश्रम आहेत. माझं काम सांगायला सोपं होतं. जुन्या सर्व्हरवर अहवाल काढायचा, नव्यावर तोच काढायचा आणि दोन्ही ओळीला ओळ लावून ताडायचे. फरक शून्य आला की अहवाल पास. त्यात लिहिलेलं खरं आहे का, हा प्रश्न तपासणीत नव्हताच. जुनी चूक नव्या सर्व्हरवर जशीच्या तशी उतरली नाही, तर ती माझी चूक धरली जाणार होती.

अहवाल बांधले होते वेन कोलारने, माझ्या साहेबाने. तो ट्यूना माशाचा डबा टेबलावरच फोडायचा आणि झाकण कीबोर्डवर ठेवायचा. बटणांच्या फटींतून तेलाचा एक पिवळट थर तयार झाला होता, त्यात पावाचे कण आणि केस अडकलेले होते. मला त्याच्या संगणकावर काही दाखवायचं असलं की मी पेन्सिलीच्या टोकाने बटणं दाबायचे.

"हात लावलास तर मरणार नाहीस गं, ब्रिन," तो म्हणायचा.

"खात्री नाही," मी म्हणायचे. तो खूश होऊन हसायचा. माणूस म्हणून वाईट नव्हता, आणि तेच मला पुढे जास्त खटकलं.

जखमांचा अहवाल माझ्या यादीत बराच खाली होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना टाचेवर, माकडहाडावर दाब पडून जखमा होतात. कुणाला कुठे जखम आहे याची यादी रोज पहाटे प्रत्येक आश्रमात नर्सच्या टेबलावरच्या प्रिंटरमधून आपोआप बाहेर पडते. नर्सेस ती यादी हातात घेऊनच फिरतात. नाव यादीत असलं की ड्रेसिंग सोडायचं, जखम धुवायची, नवं बांधायचं. यादीत नसलं की पुढच्या खोलीत जायचं. सोमवारच्या बैठकीत हेच आकडे पडद्यावर रंगीत होऊन येतात. हिरवा, पिवळा, लाल.

ब्रँट क्रीकचा आश्रम हिरवागार होता. शहाण्णव माणसं, जखम एक. तेवढ्याच आकाराच्या इतर आश्रमांत सहा-सात जखमा होत्या. ताडून पाहिलं तर फरक शून्य. अहवाल पास झाला होता. मी पुढे जायला हवं होतं. पण एक बिंदू बाकीच्यांपासून इतका लांब पडला की मला बघितल्याशिवाय राहवत नाही. मी डेटाबेसमधला मूळ तक्ता उघडला.

हेझल नोवाट्नी, वय ८४, डावी टाच. एक नर्स दर आठवड्याला जखम मोजून लांबी, रुंदी आणि खोली भरत होती. जखम हळूहळू मोठी होत गेली होती. शेवटचं माप २.६ बाय १.९ सेंटीमीटर. त्यानंतर रकाने रिकामे. आणि पहिल्याच रिकाम्या आठवड्याच्या अहवालात: 'बरी झाली'.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं मांस असं भरून येत नाही. मी अहवालामागचा कोड वाचला. त्यात एक ओळ होती: माप रिकामं असेल तर शून्य धर. पुढची ओळ: माप शून्य असेल तर जखम बरी झाली, नाव यादीतून काढ.

ब्रँट क्रीकची मापं घेणारी नर्स नोकरी सोडून गेली होती. तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. ती गेली त्या आठवड्यात तिथल्या सात माणसांच्या जखमा एकदम बऱ्या झाल्या होत्या.

मी छापील कागद घेऊन वेनकडे गेले.

"ही ओळ तू लिहिलीस?"

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "लिहिली. ती नव्हती तेव्हा एक रकाना रिकामा राहिला की अख्खा रिपोर्ट बंद पडायचा. चौदा मॅनेजरांना पहाटे लाल अक्षरात 'त्रुटी' म्हणून पत्र. मग सोमवारी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी. शून्य घातलं, पत्रं बंद झाली."

"आणि जखमाही बंद झाल्या."

"ते मला नंतर कळलं."

"कळलं होतं तुला?"

"कळलं तोवर आकडे सुधारले होते. मी बोललो बैठकीत, नाही असं नाही. वरचे म्हणाले, हिरवं आहे ना, मग राहू दे." त्याने काट्याने डब्याचा तळ खरवडला. "मला त्या वर्षी बक्षीसही दिलं."

बक्षीस त्याच्या मॉनिटरशेजारीच होतं. काचेचा त्रिकोण, त्यावर 'सर्वोत्तम सुधारणा' कोरलेलं, आणि खालच्या कडेला तेलकट अंगठा उमटलेला.

"वेन, ही ओळ आज बदलायची."

"शुक्रवारी नव्या सर्व्हरच्या मंजुरीवर सह्या आहेत. तू बदललीस की जुना-नवा जुळणार नाही. मग चौकशी, मग सगळंच थांबेल. सर्व्हर चालू होऊ दे, मग बदलाचा अर्ज टाक. पुढच्या तिमाहीत बघू."

"तिमाहीत त्या बाईची टाच राहील का?"

"तू नर्स आहेस का? मी आहे का? तिथे माणसं आहेत ना बघायला. आपण फक्त कागद पोचवतो."

माझ्या जागेवर येऊन मी ब्रँट क्रीकला फोन लावला. तिथली मुख्य नर्स डोरीन फोनवर आली. मागे कुणीतरी सारखी घंटी वाजवत होतं.

"हेझल? ती यादीत नाहीये."

"यादीच चुकीची आहे."

"हे बघ बाई, मुख्य कार्यालयातून बोलतेस ना? यादी तुम्हीच पाठवता. माझ्याकडे तीन मुली आहेत आणि शहाण्णव म्हातारे. यादीबाहेरचे पायमोजे उतरवत बसले, तर यादीतल्यांना कोण बघणार? यादी बदलून पाठव, मी बघते."

तिने फोन ठेवला. मला तिचा राग आला, पण तिच्या म्हणण्यात खोट सापडेना. तिला नाव कागदावर हवं होतं, आणि कागद माझ्या हातात होता.

नवा सर्व्हर अजून कुणासाठी खुला केलेला नव्हता. मी त्याच्यावरची ती ओळ बदलली: माप रिकामं असेल तर 'मोजलेलं नाही' लिही आणि नाव यादीत ठेव. अहवालाची रवानगी एकाच ठिकाणी लावली, ब्रँट क्रीकच्या प्रिंटरवर. मग ताडून पाहिलं. फरक सात ओळी, अहवाल नापास. तो निकाल तसाच नोंदवून वेनला पाठवला, खाली माझं नाव घातलं, आणि सकाळी गाडी काढली.

डोरीन पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई होती. ती प्रिंटरपाशी कागद धरून उभी होती.

"आठ नावं? काल एक होतं."

"सात जणांना कुणी मोजलेलंच नाही. संगणक त्यांना बरे झाले म्हणत होता."

"संगणक म्हणत होता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चल. तूही चल. बघू दे तुलाही."

हेझलच्या खोलीत भिंतीवरच्या विजेच्या प्लगांमध्ये सुगंधी अत्तराच्या तीन कुप्या खोचलेल्या होत्या, तिन्ही लॅव्हेंडरच्या. त्यांच्याखालून दुसरा वास येत होता. फ्रिज बंद पडून मांस राहिलं तर येतो तसा, गोडसर आणि जड. तो जिभेवर बसला.

"गटार तुंबलंय म्हणून आम्ही प्लंबरला दोनदा बोलावलं," डोरीन म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

हेझल जागी होती. इवलीशी, केस नीट विंचरलेले. "तुम्ही गटारवाल्या का?" तिने विचारलं.

"नाही, आजी. पाय बघायला आलोय," मी म्हणाले.

"बघा की. मला काही कळत नाही तिकडचं. साखरेमुळे पाय झोपलाय."

डोरीनने जाड लोकरी मोजा खाली ओढला. तो टाचेपाशी चिकटला, तेव्हा तिने तो मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवला. आत ड्रेसिंग होतं. बांधणारी नर्स पट्टीवर तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहिते, हा त्यांचा रिवाज आहे. या पट्टीवरची आद्याक्षरं सोडून गेलेल्या नर्सची होती. तारीख मागच्या महिन्याची होती. कापूस हिरवा पडला होता. वेनच्या हिरव्या रंगाहून तो जरा गडद होता, हे मला का दिसावं कोण जाणे.

"आंघोळीला पायावर प्लास्टिक चढवतो आम्ही," डोरीन म्हणाली. "ओलं होऊ नये म्हणून." मग ती थांबली आणि दाराकडे वळून ओरडली, "डॉक्टरला फोन लावा! आत्ता! बिझी आहे म्हणाला तरी सोडू नका!"

तिने पट्टी उचलली. वास एकदम खोलीभर झाला. मी कपाटाला धरलं.

"उलटी करायची तर बाहेर," ती म्हणाली. "नाहीतर इथे ये आणि लिही. मापं कागदावर नकोत, सरळ संगणकात घाल. रकाना रिकामा राहायला नको."

मी चाकांच्या गाडीवरचा संगणक पलंगाशी ओढला आणि तोंडाने श्वास घेऊ लागले. डोरीनने ड्रॉवरमधून मोजायची कागदी पट्टी काढली, ती अजून वेष्टनात होती. कापसाची काडी जखमेत उभी धरून तिने पट्टीशी लावली, दोनदा. हेझल छताकडे बघत होती.

"आहे का हो काही?" तिने विचारलं.

डोरीनने आकडे सांगितले, मी घातले. डावी टाच. लांबी ७.४ सेंटीमीटर, रुंदी ५.२, खोली २.१. तळाशी हाड दिसतं.