झिगाची खाच

माझ्या थोरल्याला, बोल्दीला, मेलेल्या बापाचा एवढा पुळका आला की त्यापायी तो डोळा गमावून बसला असता. बाप जिवंत होता तेव्हा हा पुळका कुठे चरायला गेला होता, देव जाणे.

माझा नवरा झिगा चाळीस वर्षं लग्नांतून तीन तारांचा डबल बास वाजवायचा, माणसाएवढं उभं व्हायोलिनच म्हणा ना. तारांखालची घोडी तो जराशी डावीकडे सरकवून ठेवी. ती त्याची खोड. तारा खाली ज्या लाकडी पट्टीत अडकवतात, तिच्यात त्यामुळे जाड तारेने तिरपी खाच पाडली होती. नाताळानंतर झिगा गेला. बोल्दी त्या दिवशी बापाचाच बास घेऊन तीन गावं पलीकडे लग्नात होता. निरोप मिळूनही नाच संपेपर्यंत थांबला.

तेव्हापासून जाड तार तुटू लागली. दर वेळी त्या खाचेपाशीच. तिसऱ्या खेपेला सुटलेलं टोक त्याच्या भुवईवर बसलं. मी रक्त पुसत होते, तर म्हणतो, "बाबा मारतायत, आई. मारू देत."

"बाबा नाही रे, गाढवा! तू घोडी मधोमध ठेवतोस आणि तार बसवतोस त्याच्या तिरप्या खाचेत. कड बघ, सुरी झालीय नुसती. घासून टाक."

"वर्ष कुठे झालंय अजून?"

तेही खरंच. वादक गेला की आमच्यात त्याच्या वाद्याला वर्षभर हत्यार लावत नाहीत. लावलं तर तो शोधत येतो. हे मुलांना मीच शिकवलं, आणि मी ते मानते.

पण शुक्रवारी सून इर्मा म्हणाली, "सासूबाई, उद्या लग्न आहे. यांनी नवी तार चढवलीय. त्याच खाचेत."

बोल्दी कबरीवर दारू शिंपडायला गेला होता. मी खिडकी लावली, तार उतरवली आणि कानस हातात घेतली.

कानस पहिल्यांदा फिरवताच उरलेल्या दोन तारा गुणगुणल्या. गुणगुणणारच. मी हात उचलला. त्या थांबल्या नाहीत. मागून झिगाच्या तंबाखूचा वास आला, ओल्या कोटात मुरलेला असायचा तसा. मी वळले नाही.

"शोधत आला असशील तर मला धर," मी म्हणाले. "हत्यार मी लावलंय. पोराला सोड."

कड गोल होईपर्यंत घासत राहिले. मेण चोळलं, झिगाच्याच बुटाचं कातडं कापून तारेखाली घातलं. गुणगुण केव्हातरी थांबली. वास थांबला नाही. अजूनही त्या खोलीत एकटी असले की येतो.

बोल्दी दारात आला, जमिनीवरचा भुसा बघून पांढराफटक पडला. "आई, काय केलंस हे? ते येतील आता!"

"आला तर माझ्याकडे येईल. आता ऐक. तो दाराकडे बघत मेला, आणि तू लोकांना नाचवत होतास. हे पाप तुझं. दोन्ही डोळे दिलेस तरी फिटायचं नाही. तारेचा मार खायला तू शूर आहेस, बोल्दी. माझ्यासमोर बसून एकदा रडायला मात्र भित्रा आहेस."