उत्तरेच्या भिंतीतली आई

माझी आई किल्ल्याच्या भिंतीत कामाला लागली, तेव्हा तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

कुरोसेच्या सरदाराला पावसाळ्याआधी किल्ला उभा हवा होता आणि नदीतले दगड संपले होते. देखरेखीवरचा होरिए म्हणाला, "थडगी आणा." मी पाथरवट. आईचा दगड मीच उपटला आणि उत्तरेच्या कोपऱ्यात बसवला.

"जिंपाची, वर फार वजन आहे रे," ती आतून म्हणाली.

"सवय होईल," मी म्हणालो.

शरदात शत्रू आला. आम्ही सगळे गावकरी किल्ल्यात शिरलो. शत्रूने चाळीस दिवस त्याच कोपऱ्यावर ओंडके आदळले.

"पाठ गेली माझी," आई म्हणाली. "मला काढ इथून."

"आत ओफुजी आहे. तू हललीस तर भिंत जाईल."

"सून आहे, माहितेय. आणि मी?"

मी तिच्या चारी बाजूंच्या फटींत खडे ठोकले, तिला हलता येऊ नये म्हणून.

"हळू ठोक," एवढंच ती म्हणाली.

भिंत टिकली. शत्रू निघून गेला. सरदाराने आईला हुद्दा दिला. मी तिच्याशी बोलायला गेलो, तर होरिएने मला अडवलं.

"आता आई म्हणायचं नाही. वाकायचं."

मी वाकलो.

वसंतात सरदाराने बुरुजावर आणखी एक मजला चढवायला घेतला. उत्तरेची भिंत पोट आल्यासारखी बाहेर फुगू लागली. होरिए कोपऱ्याशी गुडघे टेकून बसला.

"बाईसाहेब, काय हवं आपल्याला?"

"शेजारी एक भक्कम दगड," आई म्हणाली. "घरचा असला तर सांधा नीट बसेल."

होरिएने सुतळी काढून माझी उंची मोजली, मग खांदे.

"मी जिवंत आहे," मी म्हणालो.

"तसं वर कळवतो," तो म्हणाला.

वरून उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी मला उंबऱ्यावरून पाय उचलता येईना. ओफुजीने मला ढकलून पाहिलं, मग खांद्यावर बोटाने टकटक केली. तिने कान लावून आवाज ऐकला.

"भरीव आहेस," ती म्हणाली, आणि होरिएला बोलवायला गेली.

त्यांनी माझ्या कमरेला गवताचा जाड दोर बांधला, खाली लाकडाचे ओंडके सरकवले. ओढायला सगळा गाव आला होता. सगळ्यात पुढे ओफुजी उभी होती. तिने बाह्या वर खोचल्या, दोर खांद्यावर घेतला, आणि गाणं सुरू केलं.