पोचली म्हणून सुटला

मित्रांनो, मी बेसबॉलचा एक जुना ग्लव्ह आहे आणि मला राग आला आहे. गेला अख्खा हिवाळा माझ्या पोटात एक पत्र घडी करून पडले होते. त्याला कुणी उत्तर दिले नाही.

पत्र श्रियाचे होते. "आजोबा, तुमचा ग्लव्ह परत पाठवतेय. यतिनकाकांच्या शीटमध्ये मी सगळ्यांत खाली आहे. तुम्ही माझ्या सगळ्या मॅचेस बघितल्यात. मी खरंच इतकी वाईट आहे का?"

हे आजोबा म्हणजे दत्तात्रय, स्प्रिंगफील्ड लेक्समधले तिचे शेजारी. लाजरे गृहस्थ, सदा पुस्तकात. त्यांच्या मुलासाठी, मिहिरसाठी मला आणले, तेव्हा मी फळीसारखा कडक होतो. मिहिरने मला तेल चोळले, गादीखाली दाबून मऊ केले. पुढे तो युनिव्हर्सिटीत गेला आणि मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे सुकत पडलो. मग एके दिवशी आजोबांनी मला कुंपणावरून श्रियाच्या हातात दिले.

ती सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या पार मागे मधोमध उभी राहायची. उभी कसली! बॅटचा आवाज होताच ती निघालेली असायची. मैदानात तिच्या शेजारच्या जागेवरचा वरुण जागचा हलत नसे. "पायांना मुळं फुटली का रे, मेट?" असे ओरडत ती त्याच्या वाटणीच्या चेंडूमागेही धावायची. धापा टाकत पोचायची, मला पुढे करायची. कित्येकदा चेंडू माझ्यात विसावे. काही वेळा माझ्या बोटांच्या टोकाला लागून निसटे.

स्कोअर लिहायला मुलांचे आईबाबा पाळीपाळीने बसत. बहुतेक वेळा यतिनच. पुण्याचे इंजिनियर, लहानपणापासून क्रिकेट खेळलेले. निसटलेला प्रत्येक चेंडू ते चूक म्हणून लिहीत. वरुणच्या पुढ्यात पडलेला चेंडू मात्र कुणाचीच चूक नव्हे. तो तिथे गेलाच नव्हता ना!

एकदा आजोबा धीर करून त्यांच्या खुर्चीपाशी गेले. "अहो, ती पोचली म्हणून तर सुटला. बेसबॉलमध्ये असा चेंडू चूक धरत नाहीत, असं वाचलंय मी."

"काका, हाताला लागला म्हणजे कॅच. वरुणचं बघा, एकही एरर नाही. नंबर्स समोर आहेत."

"असेल, असेल," म्हणत आजोबा पुन्हा पुस्तकात शिरले.

त्या 'असेल'चा मला अजून संताप येतो.

मी आकड्यांचा शत्रू नाही. कोण कुठून धावले, चेंडू कुठे पडला, हे वर्षानुवर्षे नीट मोजले तर आकडे खरे बोलतही असतील. मी चामडे, मला कितीसे कळणार? पण एका सीझनमध्ये मागच्या खेळाडूकडे मोजकेच चेंडू येतात. कधी कलता सूर्य डोळ्यांवर येतो, कधी वारा चेंडू ओढून नेतो. शीटमध्ये हे कुठे होते? धावणारी शेवटची आणि उभा राहणारा पहिला, याला मोजणे म्हणायचे?

श्रियाला टीममधून वगळले. नंतर तिच्या शाळेसाठी तिच्या घरचे सगळे मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीला राहायला गेले. तिथूनच मी ते पत्र घेऊन परत आलो. आजोबांनी पत्र वाचले. "एवढ्या हुशार माणसांपुढे मी काय सांगणार?" असे मलाच विचारून त्यांनी ते पुन्हा माझ्यात ठेवले आणि कपाट लावले.

काल श्रियाच्या आईचा, सुखदाचा फोन आला. "काका, शनिवारी इथल्या क्लबच्या ट्रायल्स आहेत. जातच नाही म्हणते. 'आय जस्ट ड्रॉप थिंग्ज, आई,' एवढंच."

आजोबांनी मला बाहेर काढले. या वेळी तेही माझ्याइतकेच चिडले होते. मला तेल चोळता चोळता ते पुटपुटत राहिले. मग त्यांनी कागद घेतला.

"श्रिया, तू वाईट नाहीस. ते चेंडू तुझ्या हातून सुटले, कारण तिथे दुसरं कुणी पोचलंच नव्हतं. मी हे पाहिलं आहे. शनिवारी जा."

मित्रांनो, आम्हा ग्लव्हांना तेल लावत जा. आणि कुणाच्या चुका मोजायला बसलात, तर धावले कोण, हे आधी लिहा. जिथे कुणीच गेले नाही, तो चेंडूही लिहा.

आज सकाळी पोस्टातल्या बाईंनी माझे खोके हातात घेऊन विचारले, "पुढच्या आठवड्यात पोचलं तर चालेल ना?"

"नाही," आजोबा म्हणाले. "शुक्रवारच्या आत पोचलं पाहिजे."

खोक्यावर शिक्का बसला.