चार विती

ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या त्या बाईला ड्रायव्हर लोक पाठीमागे दाभणबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. दाभण जाड कापडातून आरपार जातं, गंजू दिलं नाही तर जन्मभर चालतं, आणि हाताळणाऱ्याला जपून राहावं लागतं. बाईमाणसाला आणखी काय पाहिजे? शाळेच्या दोन यत्ता कशाबशा झालेल्या. वाचायला बसली की प्रत्येक वेलांटीपाशी अडखळायची. पण मापात तिला चूक दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं ती स्वतःच सांगायची आणि ऐकणाऱ्यानं मान डोलावल्याशिवाय त्याला सोडायची नाही.

खाली दुकान, वर दोन खोल्यांत घर. घरात माणसं पाच. ती, मुलगा, सून आणि दोन नाती. मुलगा स्वतःच्या व्हॅनमधून मुलांना शाळेत पोचवायचा. सून इस्पितळात नर्स होती आणि तिला परदेशातल्या इस्पितळातून तीन वर्षांसाठी बोलावणं आलं होतं. मधे एकदाही घरी यायला मिळणार नव्हतं.

तेव्हा जाण्याआधी सगळ्यांनी मिळून देश या कडेपासून त्या कडेपर्यंत व्हॅननं पार करायचा, असं सुनेनं काढलं. शाळेला सुट्टी लागली की निघायचं. बारा दिवस. हॉटेल नाही, कुणा नातेवाइकाकडे मुक्काम नाही. दिवस मावळेल तिथं तंबू ठोकायचा, स्टोव्ह पेटवायचा, पाचही जणांनी एका छपराखाली झोपायचं. त्या टोकाला विमानतळ. जाताना पाच, येताना चार.

भिंतीवर नकाशा लागला. प्रत्येकानं एकेक मुक्काम निवडायचा होता. दहा वर्षांच्या थोरलीनं धबधबा निवडला, चार वर्षांच्या धाकटीनं कासवं, मुलानं कुठलासा वळणावळणाचा घाट. दाभणबाईनं काहीच निवडलं नाही, तेव्हा सुनेनंच तिच्या नावानं पेन्सिलीचा गोल केला. तो होता बंदराच्या गावावर.

"तिथं काय माझं सासर आहे?" सासू म्हणाली.

"तुमच्या ताडपत्र्या तिथं उतरतात ना, आई. चाळीस वर्षं शिवताय. जातात कुठं ते एकदा बघून तरी या."

"ताडपत्री कुठंही गेली तरी ताडपत्रीच," असं म्हणून तिनं विषय झटकला. पण दुसऱ्याच दिवशी दुकानात आलेल्या ड्रायव्हरला तिनं हळूच विचारलं, की बंदरावरच्या त्या क्रेन म्हणे घरापेक्षा उंच असतात, खरं का?

मुलगा म्हणाला, तंबू विकत आणू. ती कडाडली. "ताडपत्रीवालीच्या घरात विकतचा तंबू? उद्या सुताराच्या घरी खुर्च्या भाड्यानं आणा." आणि तिनं हिरव्या मेणकापडाचा शेवटचा तागा काढला. तो रंग आता यायचा बंद झाला होता.

तिची मापायची रीत साधी होती. ज्यावर ताडपत्री घालायची तो माल समोर आणून ठेवायचा आणि त्याच्याभोवती वीत टाकत जायचं. इथं माल म्हणजे माणसं. तिनं सगळ्यांना दुकानाच्या फरशीवर ओळीनं झोपवलं. मुलगा, मग थोरली, मग धाकटी, शेवटी ती स्वतः. प्रत्येकाच्या मधे खडूची रेघ.

"बाबा पाय पसरतात, त्यांना जास्त दे," थोरली म्हणाली.

"तुझ्या बापाला जास्त देण्यातच माझा जन्म गेला. चार विती. लिही."

मुलाच्या चार, पोरींच्या तीन-तीन, तिच्या चार, दोन्ही कडांना एकेक. सोळा. थोरलीनं वहीत सोळा लिहिले, मुलगा हसत उठला, आणि कात्री चालली. सून त्या वेळी ड्यूटीवर होती.

आठ दिवसांत तंबू झाला. तळ, भिंती, छप्पर, कडेच्या पितळी रिंगा. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. सुनेनं प्रवासासाठी धुऊन ठेवलेल्या चादरी तिनं खाली आणल्या आणि कशा बसतात बघावं म्हणून तंबूच्या तळावर एकेक अंथरली. एक, दोन, तीन, चार. पाचवी हातात राहिली.

ती तिनं इकडून लावून पाहिली, तिकडून लावून पाहिली. चादर भिंतीवर चढत होती. मग तिनं वही उघडली. अक्षरं नाही तरी आकडे तिला येत होते. चार, तीन, तीन, चार. तिनं बोटावर माणसं मोजली. अंगठ्याला वहीत आकडाच नव्हता.

बोटावर मोजण्याइतकी घरातली माणसं, आणि त्यातलं एक सुटलं होतं. तेही जिच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, तेच.

सून ड्यूटीवर होती म्हणून राहून गेलं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पटेना. ओळखीचा ट्रक समोर नसला तरी ती ट्रकची ताडपत्री बिनचूक कापायची. राहून गेलं नव्हतं. तिच्या हिशेबात सून महिन्याभरापूर्वीच निघून गेली होती. बोलावण्याचं पत्र आलं त्या दिवशी सून दारात उभी राहून म्हणाली होती, "आई, जाऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार." आणि हिनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "जा की खुशाल. एक माणूस कमी झालं म्हणून छप्पर काही खाली येत नाही."

आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तिला आतून बरंच वाटत होतं. पोरी आता तिच्या एकटीच्या होणार होत्या. वेण्या तिच्या हातच्या, झोप तिच्या कुशीत, शाळेतनं आल्यावर पहिली हाक आजीला. फडताळातले सुनेचे डबे तिनं एकेक करून वरच्या फळीवर ढकलायला सुरुवातही केली होती. मनात घर चौघांचं झालं होतं, आणि हात मनाप्रमाणे चालला होता.

तिनं चादरींच्या घड्या घातल्या आणि तंबू गुंडाळून ठेवला. जोड द्यावा तर हिरवं कापड संपलेलं. दुसऱ्या रंगाची पट्टी लावली की शेंबड्या पोरानंही विचारावं, हे काय? जन्मात चूक न केलेल्या बाईनं काय सांगायचं? तेव्हा तिनं दुसरा उपाय काढला. पाचातून एक वजा केला की चार.

"मी काही येत नाही बाबा," जेवताना ती म्हणाली. "गुडघे धरतात. तुम्ही जाऊन या."

मुलाचा घास हातात राहिला. "आई, कालपर्यंत तर तू स्टोव्ह घासत होतीस."

"काल गुडघे बरे होते."

 ताटं उचलताना सुनेनं सासूकडे न बघता विचारलं, "मी जाते म्हणून राग आहे ना तुमच्या मनात? एवढा की बारा दिवससुद्धा माझ्याबरोबर नको?"

"माझे गुडघे माझे आहेत. त्यात तुझं काय?"

"बरं," सून म्हणाली, आणि नळ मोठा सोडला.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. पुढचे दोन दिवस दाभणबाईनं एकच शिवण तीनदा उसवली. एका ड्रायव्हरची ताडपत्री उलटी शिवली आणि वर त्यालाच झापलं. तंबूची गुंडाळी कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे पाठ करून बसलं तरी ती असल्याचं कळायचं. आणि सुनेनं प्रवासाच्या यादीतनं एक चादर काढली, एक ताट काढलं, सासूच्या उशीखाली गुडघ्यांचं मलम ठेवलं. त्या मलमानं तर कहर केला. नसलेलं दुखणं चोळताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी सून ड्यूटीवरून आली, तशी तिला सासूनं खालूनच हाक मारली. "इकडं ये. चपला काढ. झोप इथं."

"आई, मी दहा तास उभी आहे."

"म्हणूनच म्हणते, झोप."

सून फरशीवर आडवी झाली. सासूनं वाकून तिच्या बाजूनं खडूची रेघ मारली आणि वीत टाकत पलीकडे गेली. चार. मग तिनं तंबू आणून तिच्या शेजारी पसरला आणि बसूनच म्हणाली, "हा सोळा विती आहे. वीस पाहिजे होता."

सुनेला कळायला क्षणभर लागला. ती उठून बसली. तिनं मनातल्या मनात माणसं मोजलेली सासूला दिसली.

"गुडघे नाही दुखत," सासू म्हणाली. "तुला मोजायला विसरले मी. सापडली चूक, तर माझी जागा तुला द्यावी म्हटलं. तोंड उघडण्यापेक्षा ते सोपं होतं."

सून म्हणेल, असू दे आई, होतं असं कधीकधी. दाभणबाई त्याची वाट बघत होती, हे तिला स्वतःलाही नंतर कळलं. सून तसं काही म्हणाली नाही.

"तुम्ही मला विसरलात," ती हळू म्हणाली. "मी अजून गेलेसुद्धा नाही. मग धाकटी तर चारच वर्षांची आहे. ती किती दिवस मोजेल मला?"

दाभणबाईनं तंबूच्या तळाच्या मधोमध बोट टेकवलं.  ती म्हणाली, "पट्टी घालते. लाल कापड आहे जुनं. मधोमध घालते, तुझ्या दोन्ही बाजूंना पोरी येतील अशी. पण मधे घालायची तर सगळा उसवावा लागेल. एक दिवस जास्त लागेल."

"विमान माझ्यासाठी थांबणार नाही."

"मग एक मुक्काम काढ. बंदराचा काढ."

सून वर गेली. मागोमाग सासूही गेली, जिन्यावर गुडघे न धरता. सुनेनं पेन्सिल घेतली आणि बंदराचा गोल शांतपणे खोडला. एकदाही राहू दे म्हटलं नाही. मग यादीत एक चादर आणि एक ताट पुन्हा लिहिलं. दाभणबाईला ते खोडणं दाभणासारखं लागलं, पण मनातनं ती म्हणाली, बरोबर आहे. मीही सोडलं नसतं.

तिनं सारा तंबू उसवला. विटलेली लाल पट्टी मधे घालून दुहेरी टाका मारला. निघायच्या आदल्या सकाळी मुलानं दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत तो ठोकून पाहिला. हिरव्या तंबूच्या पोटातून, छपरापासून तळापर्यंत, लाल पट्टा गेला होता. रस्त्याच्या टोकावरून दिसावा असा. सगळे आत जाऊन आडवे झाले. सून लाल पट्टीवर, दोन्ही अंगांना पोरी, धाकटीपलीकडे आजी.

"हे इथंच लाल का?" धाकटीनं विचारलं.

सुनेनं डोळे मिटलेलेच ठेवले. "कापड कमी पडलं गं."

झाकलं गेलं होतं. सुनेनंच झाकलं होतं. गप्प बसलं असतं तर मुलालासुद्धा कधी कळलं नसतं. दाभणबाईनं छपराकडे बघितलं.

"कापड नव्हतं कमी पडलं," ती म्हणाली. "तुझ्या आईला मोजायला आजी विसरली. म्हणून मागनं जोडलं."

मुलगा कोपरावर उठून आईकडे बघत राहिला. सुनेनं डोळे उघडले.

"आजी, तू चुकतेस?" थोरलीनं विचारलं.

"चुकते की. मोठी चुकते."

"मग आता मोजलंस?" धाकटी म्हणाली.

"मोजलं. चार विती."

धाकटीचा विश्वास बसला नसावा. ती उठून गुडघ्यांवर बसली, आपला इवलासा पंजा ताणला आणि आईच्या एका खांद्यापासून पलीकडच्या शिवणीपर्यंत, जीभ बाहेर काढून, एकेक वीत टाकत गेली. मधे चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सून हलली नाही. श्वाससुद्धा जपून घेत होती.

"चूक, आजी," धाकटी शेवटी म्हणाली. "आई आठ आहे."

मापात चूक दाखवू पाहणाऱ्याला दाभणबाईनं आजवर कधी सोडलं नव्हतं.  आता मात्र कूस वळवून तिनं धाकटीला पुन्हा मोजायला जागा करून दिली.