पाचवा दरवाजा

संगणकात नदी भरायची तर आधी ती रिकामी करावी लागते. कोरडं पात्र मांडायचं, त्यावर चौकोनांची जाळी घालायची. बंधाऱ्याच्या दरवाज्यांपाशी बारीक, लांब जाईल तशी ढोबळ. मग वरून पाणी सोडायचं आणि वाट बघत बसायचं. यावर माझं पोट चालतं.

या वेळचा पूर दादाचा होता. तो बंधाऱ्याचे दरवाजे चालवायचा. त्या दिवशी पाचवा दरवाजा अडकला. दादा पहार घेऊन वर चढला, दरवाजा सुटला आणि दादा पाण्यात वाहून गेला. दरवाजा उशिरा उघडला म्हणून आमची घरं बुडाली, असं बंधाऱ्याच्या वरच्या बाजूच्या वस्तीतले लोक म्हणतात. दुकानात वहिनीशी कुणी धड बोलत नाही. चौकशी समितीने आमच्या ऑफिसला विचारलं, खरं काय ते सांगा.

"दुसऱ्या कुणाला देऊ का?" साहेब म्हणाले.

"दुसरं आहे कोण?"

"तुम्ही त्याची बहीण आहात, हे अहवालात लिहावं लागेल."

"लिहा."

संगणकातले दरवाजे कधी अडकत नाहीत. सांगितलं की निमूट उघडतात. त्यामुळे पाचव्याला हट्टी मलाच करावं लागलं. ती ओळ टाईप करताना रडू यायला हवं होतं. आलं नाही, पण एक शून्य जास्त पडलं आणि सगळी नदी उलटी डोंगर चढायला लागली. शेजारचा सहकारी हसला. मीही हसले. हसता येतंय याचं नवलही वाटलं नाही.

एकदा घडलं तसं चालवलं. एकदा पाचवा दरवाजा वेळेवर उघडून, एकदा शेवटपर्यंत बंद ठेवून. वस्तीतल्या पाण्याचे आलेख एकावर एक ठेवले, तर एकच रेघ. मला वाटलं, वेंधळेपणाने तीच फाईल पुन्हा पुन्हा उघडली. तपासलं, परत चालवलं. आमची नदी खाली जिला मिळते, ती मोठी नदी आधीच तुडुंब होती. पाणी तिनेच मागे रेटलं होतं. पाचव्याने फरक पडत होता तो चार बोटांचा.

"सुटला तुमचा भाऊ," साहेब म्हणाले. मी मान हलवली. आत काहीच हललं नाही, नुसतं जड वाटत राहिलं.

ऑफिसातून थेट वहिनीकडे गेले. ती ओटा पुसत होती.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती?"

"नव्हती. वेळेवर उघडला असता तरी घरं बुडालीच असती."

"लेखी देतील?"

"देतील."

"एकेकाच्या तोंडावर नेऊन मारते बघ," ती म्हणाली आणि जोरात पुसायला लागली. मग तिचा हात थांबला.

"आणि उघडलाच नसता तर?"

"तरी तेवढंच."

"तेवढंच म्हणजे किती?"

"चार बोटं इकडे तिकडे."

वहिनीने फडकं बाजूला ठेवलं, चार बोटं जुळवून ओट्यावरच्या भिंतीला लावली आणि हात तसाच धरून उभी राहिली.