टपावरचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी लाल प्रवासी गाडी आहे. आगाराच्या मागच्या भिंतीला, विटांच्या चार थप्प्यांवर मला टेकवून ठेवले आहे. चाके दुसऱ्या गाडीला गेली. लिलाव होईपर्यंत माझे कुणाकडे काही काम नाही. म्हणून एक गोष्ट सांगून घेते.

१९७९ साली कारखान्यात माझा सांगाडा उभा राहिला. पत्रे ठोकले, बाके बसवली, टपावर लोखंडी कठडा आणि मागे शिडी लावली. नवी होते तेव्हा मला वाटायचे, गाडी म्हणजे आतली बाके आणि त्यांवर बसलेली माणसे. टप कशासाठी असतो, ते मला धोंडमाळने शिकवले.

धोंडमाळ हे उदगीर तालुक्यातले, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला टेकलेले साठेक घरांचे गाव. जमीन खडकाळ. ज्वारी कशीबशी कमरेला लागायची. पण तिथल्या गाई-म्हशी देखण्या होत्या आणि गवतावर मजेत दूध देत. ते दूध सकाळी नऊच्या आत उदगीरला पोचले तरच उपयोगाचे. मी यायच्या आधी लोक ते आटवून खवा करत आणि आठवडी बाजारात नेत. माझी फेरी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी टपावर चौदा कॅन चढू लागले. दुधावर घरांना पत्रे आले, पोरी शाळेत गेल्या. दुपारच्या फेरीने रिकामे कॅन गावाला परत जात. रिकाम्या कॅनला तिकीट नव्हते.

माझा चालक लिंबाजी कंधारकडचा. शांत माणूस, खड्डा आला की माझी माफी मागितल्यासारखा वेग कमी करायचा. वाहक शिवमूर्ती उदगीरचाच. हिशेबाला चोख, पण मनाने भित्रा. गावातले दूध गोळा करायची गंगम्मा, साठीची बाई. ती कॅन हातानेच हलवून सांगायची, किती भरलाय ते.

१९८२ च्या पंधरा ऑगस्टला लातूर नवा जिल्हा झाला. लिंबाजीने माझ्या नाकाला झेंडूची माळ बांधली. कागदपत्रांसाठी जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, उस्मानाबादला जायला सगळा दिवस जायचा, ते आता संपले म्हणून लोक खूश होते. मीही खूश होते.

मग पाऊस रुसला. एक वर्ष, दोन वर्षे. तिसऱ्या उन्हाळ्यात धोंडमाळची विहीर खरवडून निघू लागली. टँकरच्या यादीत गाव शेवटचे; आठ दिवसांत एकदा यायचा, कधी तेही नाही. गंगम्मा एके सकाळी म्हणाली, "लिंबाजी, जनावरं पाण्यावाचून दूध चोरून राहिली. आता माणसं बी त्यांच्याच रांगेत हायत."

जळकोट रस्त्याला ईश्वरप्पा नावाच्या शेतकऱ्याचा मळा होता. त्याच्या बोअरला अजून पाणी होते. लिंबाजी त्याच्याशी बोलला. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या फेरीत मी त्या मळ्यापाशी दहा मिनिटे थांबू लागले. ईश्वरप्पा रबरी नळी माझ्या टपावर सोडायचा आणि रिकामे कॅन एकेक करून भरायचे. प्रवासी कुरकुरत नसत. बहुतेक धोंडमाळचेच असत.

शिवमूर्ती मात्र घाबरलेला असायचा. "लिंबाजी, कागदावर मी हे कॅन रिकामे लिहून राहिलो. कुणी पाहिलं तर नोकरी जाईल."

"मग भरलेले लिही."

"भरलेले लिहिले तर उद्या हे पाणीच बंद करतील."

गावात पोचले की गंगम्मा घरटी एक घागर पाणी मोजून द्यायची. भीमनगरातही त्याच कॅनमधून, त्याच मापाने. तिथली चांगुणा नावाची तरुण बाई शिडी चढून वर यायची आणि कॅन उतरवायला हात लावायची. तिची एकच म्हैस होती. अर्धी घागर ती आधी तिला पाजायची आणि मग घरात न्यायची. मित्रांनो, माझे स्प्रिंगचे पाटे वजनाने कुरकुरत, पण इतके चांगले ओझे मी आयुष्यात दुसरे वाहिले नाही.

चैत्रात वरून एक साहेब मोजणीला आले. नवा जिल्हा चार वर्षांचा झाला होता. लातूरला कचेऱ्या, कोर्ट, कॉलेजे, डाळीचा बाजार, सगळीकडे माणसांची रीघ. तिकडे गाड्या कमी पडत होत्या. ज्या फेरीला माणसे कमी, ती काढून लातूरला लावायची असे ठरले होते. साहेब तीन दिवस माझ्यात बसले आणि डोकी मोजली. नऊ, अकरा, आठ. त्या तीन दिवसांत लिंबाजी मळ्यापाशी थांबला नाही. गावात बाया घागरी घेऊन उभ्या राहिल्या आणि तशाच परतल्या.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारले, "जाताना टपावर काय असतं?"

"रिकामे कॅन," शिवमूर्ती म्हणाला.

"आणि दूध?"

"घटलंय, साहेब. पाच कॅन."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी थांब्यावरच्या लोकांनाही विचारले, कुणाला काही सांगायचे आहे का. गंगम्माने शिवमूर्तीकडे पाहिले. तो तिकिटांच्या पेटीत बघत होता. आपण बोललो तर याची भाकरी जाईल, हे तिला कळत होते. तीही गप्प राहिली. मला तोंड असते तर मी बोलले असते असे तुम्हाला वाटेल. तोंड असलेले तिघे तिथे होते. लिंबाजीही बोलला नाही.

पंधरा दिवसांत फेरी बंद झाली. माझे इंजिन नुकतेच नवे बसवले होते, म्हणून मला उदगीर–लातूर फेरीला घेतले. लिंबाजी आणि शिवमूर्तीही माझ्याबरोबर आले. मला धुतले, रंग दिला, पुढे लातूरची पाटी लावली. वकील, विद्यार्थी, तुरीचे नमुने रुमालात बांधून निघालेले अडते, सगळे माझ्यात बसू लागले. वेळेवर पोचते म्हणून लोक मला वाखाणत. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटत होते.

मे महिन्यात एकदा ईश्वरप्पा गाडीत चढला आणि लिंबाजीच्या मागच्या बाकावर बसला.

"चांगुणा गेली," तो म्हणाला. "झऱ्याचं पाणी वाटीनं भरायला इहिरीत उतरली होती. वरची दरड बसली."

लिंबाजीने गाडी कडेला घेतली. मागून कुणीतरी विचारले, का थांबली. शिवमूर्ती दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. त्याने घंटीची दोरी हातात धरली, पण ओढली नाही. मग लिंबाजीनेच गाडी काढली.

सोमवारी गंगम्मा उदगीरला माझ्यात चढली. फेरी पुन्हा सुरू करा असा अर्ज घेऊन ती लातूरला निघाली होती. शिवमूर्तीने तो वाचला आणि म्हणाला, "अक्का, यात पाण्याचं काहीच न्हाई."

"तुझं नाव येईल म्हणून लिहिलं न्हाई, अप्पा."

"आता लिहायचं."

चाकूरला गाडी चहाला थांबली तेव्हा शिवमूर्तीने अर्जाच्या पाठीवर स्वतःच्या हाताने लिहिले: जे कॅन मी रिकामे दाखवले ते पाण्याने भरलेले होते, साहेबांनी विचारले तेव्हा मी खरे सांगितले नाही. खाली सही केली, बिल्ल्याचा नंबर घातला. लिंबाजी म्हणाला, "माझी बी सही घे." शिवमूर्तीने कागद घडी करून गंगम्माला दिला. "एकाची पुरे. गाडी चालवायला कुणी तर पाहिजे."

शिवमूर्ती निलंबित झाला. तो पुन्हा माझ्यात चढला नाही. आणि फेरी सुरू झाली, ती लिंबाजीला आणि मलाच मिळाली. अर्ज मे महिन्यातला, हुकूम ऑगस्टमधला.

पहिल्या दिवशी लिंबाजीने मला धोंडमाळच्या थांब्यावर उभे केले तेव्हा एकही कॅन नव्हता. गाई-म्हशी जूनमध्येच हाळीच्या जनावरांच्या बाजारात गेल्या होत्या. चांगुणाची म्हैस तिच्या नवऱ्याने सगळ्यांत आधी विकली. थांब्यावर माणसे मात्र भरपूर होती. त्यांनी टपावर बाजा, पेट्या, पाटे-वरवंटे चढवले आणि आत दाटीवाटीने बसली. निजामाबादकडे बांधकामावर चालली होती. त्या दिवशी माझ्यात चौपन्न माणसे होती. मोजायला कुणी असते तर त्याने ही फेरी अगदी उत्तम म्हणून लिहिली असती.

गंगम्मा गेली नाही. ती शिडीला हात लावून उभी होती. लिंबाजीने विचारले, "अक्का, उद्या येऊ का?"

"ये," ती म्हणाली. "कॅन नसला तरी ये. गाडी येती म्हटल्यावर एखादा परत यील."

लिंबाजी निवृत्त होईपर्यंत आम्ही रोज गेलो. तीन वर्षांनी दोन कॅन चढले. चौदा कधीच झाले नाहीत.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी मोठेपणी अशा खुर्चीवर बसेल, जिथून एखाद्या गावाची गाडी, रस्ता किंवा पूल ठरवला जातो. तेव्हा बाकावरची माणसे जरूर मोजा. पण एकदा मागच्या शिडीने वर चढा आणि कॅनला हात लावून पाहा. आणि तुम्हाला खरे ठाऊक असताना कुणी विचारले, तर पेटीत बघू नका. त्याच दिवशी सांगा.